रविवारीसुद्धा?

निघताना बिडवईबाई म्हणाल्या,
"धाकटा साडेचार वर्षांचा, त्याला काय आठवणार?
तिकीट लागत नाही, तेवढंच बरं."
मी कोषागारात आहे. जमा-खर्च मला चुकत नाही.
वहीत उजवीकडे एक जादा रकाना आखला: फायदा.
भुसावळ सुटलं तेव्हा तो कोरा होता,
इटारसीलाही कोरा.

भोपाळच्या पुढे सुमेधला उलटी झाली
हेरंबच्या नव्या शर्टावर.
समोरच्या बाकावरच्या मुरैन्याच्या आजींनी
बटव्यातून लिंबाची साल काढली, "सूँघ ले, लल्ला."
तेव्हापासून तो सुमेध म्हटलं तर ओ देत नाही.
हे कुठे लिहू?

धुक्यानं गाडी पाच तास उशिरा.
ग्वाल्हेरची थंडी कानातून शिरते.
किल्ला गेटच्या आधी एका शेळीनं
माणसाचा स्वेटर घातला होता, कोपराला भोक पडलेला.
तिथेच वीस मिनिटं गेली.
घरी ज्याला सगळं ठाऊक असतं
(गॅसचा नंबर, गुरुत्वाकर्षण, कुणाचं कुठे चुकलं)
त्या हेरंबनं तीनदा रस्ता विचारला
आणि तिन्ही वेळा "किधर से" च्या जागी "किधरून".
रेवती बघत राहिली.
अकरावं लागल्यापासून चारचौघांत बापाचा हात न धरणारी,
तिनं त्याचं बोट धरलं,
जणू तोच हरवला असता.

चढावर, एकाच खडकात कोरलेलं एवढंसं देऊळ.
रामसेवक भदौरियांनी कुलूप काढलं,
बॅटरीचा झोत भिंतीवर टाकला. "ये रहा जीरो."
दोनशे सत्तरमधलं शून्य,
अकराशे वर्षांपूर्वीचं.
मला वाटलं होतं, दिपून जाऊ.
हरभऱ्याएवढं.
रेवतीला गणितात पन्नासपैकी तेवीस,
पेपर तिनं गादीखाली ठेवलाय, मला माहीत आहे.
ती पुढे वाकली, बोट लावलं नाही.
"किती लहान काढलंय," म्हणाली,
"माझं नेहमी ओळीबाहेर जातं."

भदौरिया सांगत होते, देवाला बाग दिली,
दोनशे सत्तर हात लांब,
आणि रोजचे पन्नास हार.
सुमेध म्हणाला, "रविवारीसुद्धा?"
बॅटरी हलली.
"हाँ लल्ला... इतवार को भी."
"मग माळीकाका फिरायला कधी जायचे?"
याचं उत्तर शिलालेखात नव्हतं.

उतरताना तोच विषय.
माळ्याला सुट्टी कशी मिळेल?
आदल्या दिवशी शंभर करून ठेवले तर?
"सुकतील." "पाणी मारायचं." "बायको करेल."
"आणि तिला सुट्टी?" हे मी.
मग कधी नव्हे ते हेरंब बोलला,
पायाखालचे दगड बघत, हवापाण्याचं बोलावं तसं:
"भाऊ कधी कुठे गेले नाहीत.
रेशनचं दुकान कोण उघडणार, म्हणायचे.
मी एकदा पिशवी भरून दारात बसलो होतो.
संध्याकाळी आईनं रिकामी केली."
बारा वर्षं संसार केला,
ही पिशवी मला माहीत नव्हती.
रेवतीनं गजकाचा मोठा तुकडा मोडून
त्याच्या हातावर ठेवला.
कुणी काही बोललं नाही. तीळ दातात अडकत राहिले.

बिडवईबाईंचं चुकलं असं नाही.
महिना झाला. सुमेधला किल्ला आठवत नाही,
देऊळ तर नाहीच. शेळी आठवते.
खर्च अकरा हजार आठशे चाळीस,
त्यात एक शर्ट.
उजवा रकाना अजून भरला नाही,
फक्त तळाला कुणीतरी पेन्सिलीनं
एक शून्य काढलंय,
बारीक, ओळीच्या आत.

काल रविवार.
हेरंब साइटवर निघाला होता, एक बूट पायात.
चपलांच्या कपाटापाशी सुमेध उभा, चड्डीवर,
तोंडात ब्रश.
"रविवारीसुद्धा?"

हेरंब उंबऱ्यावर बसला.
दुसरा बूट हातात घेऊन
बराच वेळ
त्याच्या आत बघत होता.